निलगिरीची गाडी: एक्स क्लास इंजिनासाठी तिकीट काढणार असाल तर

भारतातलं लाडकं वाफेचं इंजिन कोणतं, असं विचारलं की बहुतेक रेल्वेवेडे डब्ल्यूपीचं नाव घेतात. बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक, त्यावरची चांदणी, चाकांची 4-6-2 मांडणी (पुढे 4, मध्ये गाडी ओढणारी 6, मागे 2), मेल गाड्या ओढण्याचा दबदबा. मालगाड्यांच्या डब्ल्यूजीचे आणि मीटरगेजच्या वायपीचे चाहतेही तितकेच कट्टर. पण ब्रॉडगेजवरची रोजची वाफ 1995 मध्ये संपली आणि डब्ल्यूपी आता हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये, संग्रहालयात किंवा एखाद्या खास फेरीलाच दिसते. वेळापत्रकातल्या नेहमीच्या गाडीला, साध्या तिकिटावर, खऱ्या चढावर राबणारं इंजिन बघायचं असेल तर तामिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याशी, मेट्टुपाळयमला जावं. तिथलं एक्स क्लास हे आज भारतात चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांत यंत्र म्हणून सर्वांत श्रीमंत आहे. ते नुसतं बघण्यापेक्षा ऐकायला जावं, हे या परीक्षणाचं म्हणणं.

आधी गाडीची ओळख. मेट्टुपाळयम ते उटी हा मीटरगेज मार्ग सुमारे 46 किलोमीटरचा. कुन्नूरपर्यंतचा भाग 1899 मध्ये सुरू झाला, उटीपर्यंतचा 1908 मध्ये. मेट्टुपाळयमची उंची साधारण 326 मीटर, उटीची 2,200 च्या आसपास. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ इतका कडक, की 12 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक एवढ्या चढाला टिकत नाही, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकली आहे. ही ॲब्ट पद्धत. पट्ट्या दोन, शेजारी शेजारी, आणि एकीचे दाते दुसरीच्या खाचांसमोर येतील अशा बसवलेल्या. त्यामुळे इंजिनाखालच्या दातेरी चाकाचा एक ना एक दात कायम पक्का गुंतलेला राहतो आणि धक्के कमी बसतात. फलाटावरून उतरून रुळाकडे पाहण्याची संधी मिळाली तर ही मांडणी नीट बघून घ्यावी, पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

इंजिनं मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या एसएलएम कारखान्याची. पहिली 1914 च्या सुमाराची, शेवटची तुकडी 1952 ची. मांडणी 0-8-2, पाण्याच्या टाक्या इंजिनावरच, कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. खरी गंमत सिलिंडरांत आहे. एकूण चार. खालचे दोन उच्च दाबाचे, ते रुळावरची आठ चाकं फिरवतात. वरचे दोन कमी दाबाचे, ते दातेरी पट्टीत गुंतणारी चाकं फिरवतात. मेट्टुपाळयमपासून कल्लारपर्यंतच्या सपाट भागात फक्त खालचे दोन काम करतात आणि वापरलेली वाफ सरळ धुराड्यातून बाहेर जाते. कल्लारनंतर पट्टी सुरू होते. तिथे गाडी अगदी मंद होते, दातेरी चाक पट्टीच्या तोंडाशी जुळतं, मग ड्रायव्हर वाफेचा मार्ग बदलतो. आता खालच्या सिलिंडरांतून निघालेली वाफ वाया न जाता वरच्या दोन सिलिंडरांत शिरते. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घ्यायचं, आणि तेही दोन वेगवेगळ्या चाकांवर.

यातली सर्वांत हुशार गोष्ट सहजासहजी लक्षात येत नाही. ओल्या रुळावर खालची चाकं घसरली, तर ती भराभर फिरून जास्त वाफ पुढे ढकलतात. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सिलिंडरांमधल्या नळीतला दाब वाढतो. हा वाढलेला दाब एकीकडे खालच्या पिस्टनला मागून रेटून घसरण आवरतो, दुसरीकडे वरच्या पिस्टनला जास्त जोर देतो, म्हणजे दातेरी चाक अधिक ताकदीने ढकलतं. ड्रायव्हरने काही करायच्या आत यंत्र स्वतःच भार एका चाकाकडून दुसऱ्याकडे देतं. शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्यात हे बसवलेलं आहे, आणि याच्यापुढे डब्ल्यूपीचं देखणं नाकही फिकं वाटतं.

कानाला हे कसं कळतं? वरचे सिलिंडर गिअरमधून काम करतात, त्यामुळे त्यांच्या दांड्या खालच्या चाकांपेक्षा बऱ्याच जलद आणि उलट दिशेने फिरतात. पट्टी लागेपर्यंत धुराड्यातले, वाफ बाहेर पडतानाचे ठोके चाकांच्या तालावर येतात, जोरकस आणि वेगळे वेगळे. पट्टी लागली की गाडीचा वेग वाढत नाही, ठोके मात्र दाट आणि मऊ होतात, कारण आता धुराड्यात येते ती दोनदा वापरलेली, दाब उतरलेली वाफ. बाजूने पाहिलं तर खालची दांडी एकीकडे संथ आणि वरची दुसरीकडे झपाझप, असं दृश्य दिसतं. वळणावर खिडकीतून मागे पाहिलं तर हे टिपता येतं. अंग बाहेर काढू नये. बोगदे आणि कापलेले खडक अगदी जवळून जातात.

मागे पाहिलं तर, असं म्हटलं कारण चढताना इंजिन गाडीच्या खालच्या टोकाला असतं आणि डबे वर ढकलतं. जोडणी तुटली तरी डबे इंजिनावर टेकतील, दरीत जाणार नाहीत, हा त्यामागचा विचार. याचा जागा निवडण्याशी थेट संबंध आहे. प्रथम वर्ग सहसा वरच्या, म्हणजे इंजिनापासून दूरच्या टोकाला असतो. दऱ्या, पूल, चहाचे मळे बघायचे असतील तर तो उत्तम. इंजिनासाठी येणाऱ्याने मात्र इंजिनाला लागून असलेला डबा पकडावा. तिथे काजळी येते, बोगद्यात धूर येतो, डोळ्यांत कण जातात. साधा चष्मा आणि रुमाल जवळ ठेवावा, पांढरे कपडे घालू नयेत. डब्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वाट नाही, कप्पे वेगळे आणि दारंही वेगळी, त्यामुळे चालत्या गाडीत जागा बदलता येत नाही. स्वच्छतागृह नाही, थांबे आहेत तिथे उरकावं.

थांब्यांबद्दल. अॅडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमीड या ठिकाणी गाडी थांबते ती मुख्यतः इंजिनाला पाणी पाजायला. टाक्या लहान, चढ लांब, पाणी लवकर संपतं. हिलग्रोव्हचा थांबा त्यातला सर्वांत कामाचा: खाली उतरून इंजिनापर्यंत चालत जायला वेळ मिळतो आणि फायरमनचं काम जवळून दिसतं. पाणी भरत असताना दोन गोष्टी बघाव्यात, पाण्याच्या काचनळीतली पातळी आणि दाबाचा काटा. काटा खाली रेंगाळत असेल तर गाडी सुटायला उशीर होणार हे समजून घ्यावं. अर्धवट दाबावर एवढ्या चढाला निघणं म्हणजे मध्येच अडकणं. अशा वेळी ड्रायव्हर दाब भरायची वाट बघतो, ते बरोबरच करतो. माकडांपासून खाणं सांभाळावं.

कोळसा की तेल, यावरून चाहत्यांत वाद आहे. दोन्ही प्रकारची इंजिनं इथे आहेत. जुन्यांपैकी काही तेलावर बदलली गेली. 2011 पासून तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने नवी तेलावरची एक्स क्लास बांधली, नंतर कोळशावरचीही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आराखडा एकविसाव्या शतकात नव्याने बांधला जातो, याचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. तेलाच्या इंजिनाला कोळशाचा दर्जा बदलला म्हणून दाब पडण्याची धास्ती नाही आणि ठिणग्यांनी जंगलाला आग लागण्याचा धोका कमी. पण तेल नीट फवारलं गेलं नाही किंवा हवा कमी पडली की दाट काळा धूर निघतो, आणि भट्टीचा सततचा घुमणारा आवाज धुराड्यातले ठोके झाकून टाकतो. ऐकायला जाणाऱ्याला कोळसा बरा. कोणत्या दिवशी कोणतं इंजिन लागेल हे आधी सांगता येत नाही.

दार्जिलिंगच्या बी क्लासशी तुलना टाळता येत नाही. ते 0-4-0, बॉयलरवर खोगिरासारखी टाकी, 1889 पासून बांधलेलं, आणि दातेरी पट्टी मुळीच नाही. पुढच्या बफरवर बसलेली माणसं हाताने वाळू टाकतात, कोळसा फोडायला वेगळा माणूस, सगळं उघड्यावर. माणसांचं काम बघायचं असेल तर दार्जिलिंगला जावं. तिथल्या वाफेच्या फेऱ्या मात्र प्रामुख्याने दार्जिलिंग ते घूम आणि परत अशा पर्यटकांच्या सहली आहेत. माथेरानच्या जुन्या ओरेनश्टाइन-कोपेल इंजिनांची आठवण आपल्याकडच्या लोकांना हमखास होते. त्यांच्या चाकांचे आस पोकळ होते आणि अरुंद वळणावर बाजूला सरकायचे, ही करामतही अव्वल होती. पण भारतात ती इंजिनं आता चालत नाहीत.

आता गाडीच्या उणिवा. डबे मोजके, तीन-चार, आणि रोज वर जाणारी थेट गाडी एकच, सकाळी 7:10 ला मेट्टुपाळयमहून. सुट्ट्यांच्या दिवसांत आरक्षण लवकर भरतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मुख्य पावसाचा काळ, दरडी आणि झाडं पडून मार्ग कित्येक दिवस बंद राहतो. या महिन्यांत परतीचं विमान किंवा लांबची गाडी त्याच दिवशी ठेवू नये. चेन्नईहून रात्री निघणारी निलगिरी एक्सप्रेस सकाळी मेट्टुपाळयमला पोचते, तिच्या जोडीने बेत आखणं सोयीचं.

आणि एक गोष्ट तिकिटं विकताना कोणी ठळकपणे सांगत नाही: कुन्नूरला वाफेचं इंजिन काढून घेतात आणि पुढे उटीपर्यंत डिझेल लागतं. त्या भागात चढ सौम्य आहे, दातेरी पट्टी नाही. लव्हडेलकडचा रस्ता देखणा आहे यात शंका नाही, पण केवळ इंजिनासाठी आलेल्याने कुन्नूरपर्यंतचंच तिकीट काढलं तरी काही चुकत नाही. इंजिनांची शेड कुन्नूरलाच आहे. आत जायला परवानगी लागते, ती स्टेशनवर रीतसर विचारावी.

दुपारी उटीहून 2 वाजता सुटणारी गाडी कुन्नूरहून खाली येते तेव्हा पुन्हा वाफेचं इंजिन असतं, पण काम उलटं. उतारावर नुसते ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबून ठेवले तर ते तापून निकामी होतील. म्हणून सिलिंडरांनाच हवा दाबायला लावतात, त्या हवेचा विरोध गाडीला धरून ठेवतो, आणि तापलेले सिलिंडर थंड करायला पाणी सोडतात. शिवाय प्रत्येक डब्याच्या सज्जावर ब्रेकवाला उभा असतो आणि इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक चालवतो. ठोके जवळजवळ नसतात, हवेचा फूत्कार असतो. चढ आणि उतार यांतलं एकच परवडणार असेल तर चढ घ्यावा. दोन्ही जमत असेल तर उतरताना ब्रेकवाल्याजवळचा कप्पा मिळतो का पाहावं.