वजन उतरवण्यासाठी सोलमध्ये काढा की इंजेक्शन?

कोरियन पारंपरिक दवाखान्यात, म्हणजे हानुइवोनमध्ये, वैद्य नाडी पाहतात आणि झोप, घाम, पोट साफ होतं का हे खोदून विचारतात. कोरियन वैद्य ली जे-मा यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या चार प्रकृतींपैकी तुमची कोणती, ते ठरतं. आपल्या वात-पित्त-कफाची आठवण येतेच. ‘थेउम’ प्रकृतीला वजन चटकन वाढणारी मानतात. तिच्यासाठी ‘थेउमजोवीतांग’ हा काढा. तो एकेका वेळच्या सीलबंद पाकिटांत मिळतो.

पण भूक मारण्याचं मुख्य काम बहुतेकदा काढ्यातली माह्वांग, म्हणजे एफेड्रा ही वनस्पती करते. तिच्यातल्या एफेड्रिनने छाती धडधडते, झोप उडते, रक्तदाब चढतो. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रिनयुक्त पूरक आहारावर बंदी घातली. कोरियात वैद्य ती देऊ शकतात, त्रासानुसार मात्रा कमी-जास्त करतात. वैयक्तिक उपचाराचा खरा अर्थ मला इथेच दिसतो.

दुसरीकडे वेगोव्ही हे वजन उतरवण्याचं औषध: ऑक्टोबर २०२४ पासून कोरियात, आठवड्याला एक इंजेक्शन, मात्रा ठरलेल्या टप्प्यांनी वाढते. मळमळ होते, खर्चही मोठा. पण मोठ्या चाचण्यांचा आधार भक्कम.

माझा कौल इंजेक्शनला, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर माह्वांगचा काढा नकोच.