स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा बायोस: आधी उघडून बघा, मग पैसे मोजा

६० ते ८० हजारांतला गेमिंग लॅपटॉप बघायला ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा वाशीत गेलात, की विक्रेता एनव्हिडियाच्या आरटीएक्स ग्राफिक्सचं स्टिकर दाखवतो, कीबोर्डचे रंगीत दिवे लावतो. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारा सेटिंगचा मेनू, कुणी उघडत नाही. उघडला तरी आत काय, तर तारीख-वेळ, पासवर्ड, बूटचा क्रम, सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सिस्टीम सुरू होऊ देणारं) आणि नशिबाने व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनवर दुसरी सिस्टीम चालवायची सोय). एक्सएमपी (रॅमचा जादा वेगाचा तयार प्रोफाइल) बहुधा नाहीच, व्होल्टेज नाही, पंख्याचा वेग नाही.

यातलं बरंचसं समजून घेता येतं. व्होल्टेजला कुलूप लागलं ते २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर. थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लॉक्ड’ दिसतं ते बहुतेक त्यामुळेच. गरम होतोय म्हणून काही करायचंच असेल, तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, वेग थोडा जातो, पण मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत पंख्यांचा आवाज लगेच उतरतो.

डोकं फिरतं ते गरजेचे पर्याय लपवल्यावर. एसरच्या नायट्रोचंच घ्या. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर कोरं विंडोज टाकायला गेलात, की इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते, इंटेलचा व्हीएमडी (एसएसडीचा ताबा घेणारा कंट्रोलर) चालू असतो. तो बंद करायचा पर्याय बायोसच्या मेन टॅबवर असतो, पण कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्याशिवाय उगवत नाही! सिक्युअर बूटही करडा दिसतो; आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवला की तो बदलता येतो. एफ१२चा बूट मेनूसुद्धा आधी आत जाऊन चालू करावा लागतो. पासवर्ड लिहून ठेवा, विसरलात तर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या ठरलेल्या.

व्हीएमडी मात्र चालू विंडोजवर सरळ बंद करू नका, पुढच्या बूटला निळी स्क्रीन येईल. त्यापेक्षा इंटेलचा आरएसटी हा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर अनझिप करून ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. बायोसला हातच लावावा लागत नाही.

रॅम वाढवताना दुसरा सापळा. १.३५ व्होल्टची एक्सएमपी रॅम घेतली आणि बायोसमध्ये एक्सएमपीच नसलं, तर ती जेडेकच्या, म्हणजे रॅमच्या सर्वमान्य मानकाच्या, प्रोफाइलवर, कधीकधी २४०० च्या वेगावरच अडकते. डीडीआर४ला ३२००, १.२ व्होल्ट, सीएल२२ अशी साधी स्टिक घ्या, स्वस्तही पडते. लावल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग बघा.

एचपी व्हिक्टसचा मेनू या वर्गात सगळ्यात रोडका. असूस टफमध्ये एफ७ दाबल्यावर निदान अ‍ॅडव्हान्स्ड पान तरी उघडतं. लेनोवोच्या ‘लॉक’ मालिकेत (नावाला जागणारा बायोस!) हायब्रिड मोड व्हँटेज या लेनोवोच्याच अ‍ॅपमधून बंद होतो, म्हणजे स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडली जाते. ही म्यूक्सची (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते बदलणाऱ्या स्विचची) सोय नसेल, तर प्रत्येक फ्रेम इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून वळसा घेऊन येते आणि बायोसमध्ये कितीही शोधलं तरी उपाय नाही. मग बाहेरचा मॉनिटर हाच मार्ग, तोही एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाला जोडलेला असेल तर. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या फिजएक्स पानावर ते लगेच कळतं.

एमएसआयच्या बायोसमध्ये उजवा शिफ्ट, उजवा कंट्रोल, डावा ऑल्ट आणि एफ२ दाबून लपलेला मेनू उघडतो. शेकडो पर्याय, त्यातले निम्मे त्या बोर्डाला लागूच नाहीत. एक चुकीचा बदल आणि स्क्रीन काळी. पाठ उघडून बॅटरी आणि सीमॉसचा (घड्याळ चालू ठेवणारा छोटा) सेल काढूनही ती उठेलच असं नाही, कारण बऱ्याच सेटिंग बायोसच्या चिपमध्येच लिहिल्या जातात. मग आठ पायांच्या त्या चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने बायोस पुन्हा भरावा लागतो. दुरुस्तीवाल्याला आधी विचारा, चिप १.८ व्होल्टची की ३.३ची? उत्तर अडखळलं तर लॅपटॉप उचला आणि निघा.

बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) तात्पुरता थांबवलेला, नाहीतर सुरू होताच ४८ अंकी रिकव्हरी की मागेल.

दुकानात डेमो मशीनवर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, म्हणजेच बायोस. व्हर्च्युअलायझेशन आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) आहेत का बघा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम खेळायचा तर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. विक्रेता ‘साहेब, त्यात हात घालू नका’ म्हणेल. आपण फक्त बघतोय, सेव्ह न करता बाहेर पडायचं.