संपत्तिकर ऑनलाईन : दोन वर्षं वापरल्यावर, आणि 'किराया' या एका शब्दाबद्दल

गेल्या वर्षी पहिल्यांदा घरबसल्या घराचा संपत्तिकर (मालमत्ता कर) भरला तेव्हा मी ओळखीत सगळ्यांना सांगत सुटले होते की पाच मिनिटांचं काम आहे, झोनच्या (महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या) खिडकीवर उभं राहायची आता गरज नाही. ते खोटं नव्हतं. खाता क्रमांक टाका, थकबाकी दिसते, यूपीआयने पैसे जातात, रसीद मोबाईलवर येते. इंदूरच्या माणसाला यापेक्षा जास्त समजवायला नको. पण यंदा जे झालं त्यावरून कळलं की मी फक्त पैसे भरण्याची सोय बघत होते. आकडा बरोबर आहे की नाही हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये मी दादाकडे पुण्याला गेले होते. ३० जूनच्या आत भरलं की सूट मिळते, ती हातची जाऊ नये म्हणून आई स्वतःच कोपऱ्यावरच्या ऑनलाईनवाल्याकडे गेली. त्याने स्वनिर्धारणाचं पत्रक, म्हणजे आपला कर आपणच मांडून द्यायचा कागद, भरला, पैसे घेतले, कागद दिला. मी आल्यावर तिने तो माझ्यापुढे ठेवला. "अगं, यंदा चांगलाच वाढवलाय कर."

नुसता संपत्तिकर, सूट धरण्याआधीचा, ४,३६० रुपये. गेल्या वर्षी याच ओळीत ३,०४० होते.

मी औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिते. १,३२० रुपयांचा फरक मला सोडवत नाही. पहिल्यांदा वाटलं, दर वाढले असतील. पण मग शिक्षण उपकर आणि नगरीय विकास उपकर पण वाढायला हवे होते. ते पैशानिशी तसेच होते. वार्षिक भाडे मूल्यही तेच. रात्री जेवणं उरकल्यावर जुनी रसीद शेजारी ठेवली आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचत गेले. तळमजला, पक्कं बांधकाम, निवासी, क्षेत्रफळ, सगळं जसंच्या तसं. शेवटच्या रकान्यात गेल्या वर्षी 'स्वयं' होतं, म्हणजे मालक स्वतः राहतो. यंदा तिथे 'किराया', म्हणजे भाड्याने दिलेलं.

हा रकाना काय करतो ते नीट सांगते, कारण माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना ते माहीत नाही. तुमचं घर शहराच्या कुठल्या भागात आहे, बांधकाम कसलं आहे, वापर कसला आहे, यावर दर ठरतो. दराला क्षेत्रफळाने गुणलं की वार्षिक भाडे मूल्य येतं आणि त्यावर टक्केवारीने कर लागतो. घरात मालक स्वतः राहत असेल तर हा कर निम्मा होतो. ही सवलत कोणाच्या मर्जीवर नाही, १९५६ च्या मध्य प्रदेश महापालिका कायद्यातच आहे. आणि ती मजल्यागणिक लागते. आमच्या तळमजल्याचा पूर्ण कर २,६४०, आम्हीच राहतो म्हणून १,३२०. एक शब्द बदलला आणि निम्मेपण गेलं.

सकाळी तडक ऑनलाईनवाल्याकडे गेले. माझा आवाज चढलेलाच होता. तो म्हणाला, "दीदी, खाते में पहले से किराया ही आ रहा था." मी म्हटलं, शक्य नाही. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. वरच्या मजल्यापुढे खरंच 'किराया' होतं. गेल्या वर्षीही, त्याच्या आधीच्या वर्षीही. त्याने ते बघून खालच्या मजल्यालाही तेच लावलं होतं. त्याची चूक होतीच, पण माझी जास्त जुनी निघाली.

वर आमच्याकडे दोन मुलं राहायची. इंदूरच्या भंवरकुव्याला एमपीपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) क्लासला जायची. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तशी ती गावाला गेली ती परत आलीच नाहीत. सामान न्यायला एकाचे वडील आले होते, आईने त्यांना डबा करून दिला होता. त्यानंतर आम्ही भाडेकरू ठेवलाच नाही. बाबा गेले, आईला वर अनोळखी माणसं नकोशी झाली. आता तिथे दादाची पुस्तकं आणि उन्हाळ्यात आईचे पापड असतात. कागदावर मात्र ती मुलं अजून राहत होती. वरच्या मजल्याचा पूर्ण कर १,७२०. निम्मा लागायला हवा होता, म्हणजे दर वर्षी ८६० जास्त गेले. पाच वर्षं. मी रसीदी जोडून ४,३०० लिहिले तेव्हा आई काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली. त्या पाचातली शेवटची रसीद माझी होती. पैसे गेल्याचा संदेश आला म्हणून मी तेव्हा खूष झाले होते, रसीद नीट वाचली नव्हती. मोबाईलवर तो रकाना उजव्या कडेला असतो, बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नाही.

इथे माझं मत बदललं. आधी मी या सगळ्याला 'बिल' समजत होते, विजेच्या बिलासारखं, त्यांनी पाठवायचं आणि आपण भरायचं. हे बिल नाही. हे आपण लिहून दिलेलं निवेदन आहे. मालकाने स्वतः सांगायचं, मोजायचं आणि भरायचं. कमी दाखवलंत आणि तपासणीत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर फरकाच्या पाचपट दंड आहे. जास्त दाखवलंत तर कोणी हाक मारून सांगत नाही. ही गोष्ट मला अजून खटकते. दर वर्षी पत्रकाच्या सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न हवा : या मजल्यावर सध्या कोण राहतं? म्हाताऱ्या माणसांचे किती पैसे वाचतील.

झोनवर जायला मी घाबरत होते. तरी दुकानातून अर्धा दिवस रजा घेतली, आईचं आधार कार्ड, विजेचं बिल आणि बाबांची रसीदींची फाईल घेऊन गेले. फाईलबद्दल एक सांगते. २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या ई-नगरपालिका यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि ४१३ नगरीय निकायांची (महापालिका, नगरपालिका वगैरेंची) ऑनलाईन कामं थांबली, तेव्हापासून मी प्रत्येक रसीद छापून बाबांच्या फाईलमागे लावते. त्याचा या वेळी पुरेपूर उपयोग झाला.

टेबलावरच्या बाईंनी फाईल पाहिली आणि खुर्ची दिली. मी 'अपील' म्हणून लिहिलेला अर्ज त्यांनी परत केला. म्हणाल्या, अपील वेगळं. आमच्याकडून फेरनिर्धारण होऊन आदेश निघाला, आणि तो मान्य नसला, तर महापौर परिषदेकडे अपील जातं. तुमचं तर तुम्हीच लिहिलेलं चुकलंय, साधा दुरुस्तीचा अर्ज द्या. हा फरक मला कोणीच सांगितला नव्हता. मी तर वकील शोधायला निघाले होते.

तिसऱ्या दिवशी निरीक्षक घरी आले. जिन्याने वर गेले, दोन्ही खोल्या पाहिल्या, मीटर एकच आहे ना ते खाली येऊन पाहिलं. पुस्तकांच्या खोक्यांवर धूळ होती आणि मला ती पुसायची लाज वाटत होती, पण त्यांनी तीच बघून मान डोलावली. पाणी घेतलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या, आईची सही घेतली. महिन्याभरात खात्यावर दोन्ही मजल्यांपुढे 'स्वयं' आलं. संपत्तिकर २,१८०. जास्त गेलेले पैसे पुढच्या वर्षासाठी जमा दाखवले आहेत. एवढं सरळ होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

मागचे ४,३०० मात्र गेले. बाई म्हणाल्या, त्या त्या वर्षी तुम्हीच सही करून दिलं होतं, ते आता उघडत नाही. वाईट वाटलं, पण त्यांच्याशी भांडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आता लोक अदालतीबद्दल, कारण हा अनुभव ज्याला सांगावा तो हेच विचारतो. 'थांब ना, लोक अदालतीत माफ होतं.' कर माफ होत नाही, माफ होतो तो अधिभार, म्हणजे उशिरा भरल्याबद्दल करावर चढणारी रक्कम. करासकट थकबाकी ५०,००० पर्यंत असेल तर पूर्ण अधिभार जातो, ५०,००० ते १ लाखापर्यंत निम्मा, १ लाखाच्या वर पाव. आणि मूळ कर चुकीचा मांडलेला असला तर अधिभार जाऊनही चुकीचाच कर भरला जातो.

हे मला रामबागेतल्या मावशीमुळे सुचलं. तिची चार वर्षांची थकबाकी आहे, दर वेळी ती "लोक अदालतीत बघू" म्हणते आणि दर वेळी तारीख निघून जाते. परवा फोनवर तिला विचारलं, पुढच्या दोन खोल्यांपुढे काय लिहिलंय? तिथे पूर्वी शिंपी बसायचा. त्याला जाऊन सात-आठ वर्षं झाली, आता तिथे तिचा देव्हारा आहे. ती म्हणाली, "काय लिहिणार, घरच लिहिलं असेल की." रसीद शोधून ठेव म्हटलंय. तिथे अजून 'दुकान' असलं तर नुसतं निम्मेपणच गेलेलं नसणार, दरही धंद्याचा लागत असणार. रविवारी फाईल घेऊन तिच्याकडे जाते आहे. आधी तो रकाना, मग लोक अदालत.