नो-कॉस्ट ईएमआय: 24,000 च्या फोनवर वरचे 429 रुपये कुठून येतात?

"सहा महिने, चार-चार हजार, वर एक रुपया नाही," असं काउंटरवरचा माणूस सांगतो तेव्हा तो अगदीच खोटं बोलत नसतो. फक्त कार्ड मशीनमधून निघणारी लांबलचक पावती खिशात कोंबण्याआधी वाचा. तिच्यावर व्याजदराचा रकाना असतो आणि तिथे शून्य नसतं. 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं बँकांना बजावलं. त्यानंतर 'झिरो परसेंट'च्या पाट्या उतरल्या आणि 'नो-कॉस्ट'च्या चढल्या.

व्याज लागतंच, पण तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी आधीच देते. दर 16 टक्के धरा. 24,000 च्या फोनवर 1,081 रुपये सूट मिळते, बँक 22,919 चं कर्ज लावते आणि 4,000 चे सहा हप्ते फेडताना तेच 1,081 व्याजात जातात. इथवर हिशेब चोख. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 194.58 रुपये, तुमच्या माथी. प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटीसकट 234.82. झाले साधारण 429.

एवढ्यावर भागलं तर सौदा चांगलाच आहे. खरी मेख रोखीच्या भावात असते. त्यामुळे ईएमआयचं नाव काढण्याआधी "रोख दिले तर कितीला?" हे विचारा. हजार रुपये सुटत असतील तर फोनची खरी किंमत 23,000 आणि हप्त्यांची किंमत 1,429. वर्षाच्या हिशेबाने हा दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. पर्सनल लोन याहून स्वस्त पडू शकतं.

क्रेडिट कार्डाच्या बिलातला 'मिनिमम ड्यू' (किमान भरायची रक्कम) हा दुसरा खड्डा. चालू हप्ता त्यात धरलेला असतो, म्हणून तेवढंच भरलं की भागलं असं वाटतं. पण त्याच कार्डावरच्या किराणा-पेट्रोलच्या उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होतं. दर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो, आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. फोन परत केला तरी प्रोसेसिंग फी सहसा परत येत नाही.

कार्ड नसेल तर दुकानातच फायनान्स कंपनीचं टेबल असतं. तिथली भाषा वेगळी. '12/4' म्हणजे एकूण बारा हप्ते, त्यातले चार आजच भरायचे. उरलेले आठ ई-मँडेटने, म्हणजे तुम्ही आधीच दिलेल्या ऑनलाइन परवानगीने, बँक खात्यातून आपोआप कापले जातात. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर फायनान्स कंपनी आणि तुमची बँक दोघंही दंड लावू शकतात. शिवाय फॉर्ममध्ये विमा किंवा वाढीव वॉरंटी हळूच घुसवलेली असते. ओटीपी सांगण्याआधी स्क्रीन स्वतःकडे वळवून घ्या.

इथे एक कागद मात्र हक्काने मागायचा: की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर आणि आकार एकत्र सांगणारा कागद. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे (कार्डाच्या उधारीला नाही). त्यातला एपीआर (वार्षिक दर) बघा. फी, विमा सगळं धरून निघालेला दर तोच. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आहे, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका.