पेलाभर पाणी आणि लाल दिवा: शिडाच्या बोटीवर डीह्युमिडिफायर, आठ महिन्यांनंतर

काल रात्री तीन वाजता डीह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्राचा, तो लाल दिवा पुन्हा लागला. दिव्याचा अर्थ 'टाकी भरली'. टाकीत पाणी होतं पेलाभर. उठले, टाकी काढली, ओतली, बसवली, दिवा विझला, आडवी झाले. अर्ध्या तासाने एक मोटरबोट बाजूने गेली, आमची बोट हलली आणि दिवा परत हजर. नवरा ढाराढूर. म्हणून सकाळी चहाच्या आधी हे लिहायला बसले आहे, तेव्हा सुरुवातीचा सूर जरा तिखट लागेल.

बोट ३४ फुटी, फायबरची. एक सफर संपलेली, पुढची काही दिवसांवर. मधले आठ महिने आम्ही दोघं धक्क्याला बांधून राहिलो, शिडं उतरवलेली, किनाऱ्याची वीज जोडलेली. यंत्र डेसिकंट प्रकारचं, आत झिओलाइटची, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खनिजाची, चकती फिरते ते. खोक्यावरचे आकडे तुम्ही वाचले असतीलच, ते परत सांगत नाही. कंप्रेसरवालं, म्हणजे फ्रिजसारखं नळ्या गार करून पाणी काढणारं, का नाही, एवढंच सांगते. त्याचे लिटरचे मोठमोठे आकडे बऱ्याचदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. थंडीत केबिन १०-१२ अंशांवर आली की त्याच्या आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि ते पाणी काढण्यापेक्षा स्वतःचा बर्फ वितळवण्यातच गुंतून राहतं. डेसिकंटला थंडीचं फारसं काही वाटत नाही.

खरं तर मला यंत्रच नको होतं. मी ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे स्वस्त डबे आणले होते, कॅल्शियम क्लोराइडचे. एका वादळी रात्री त्यातला एक कपड्यांच्या कप्प्यात कलंडला. तो खारा पाक वाळतच नाही, उलट हवेतलं पाणी ओढत राहतो. तीनदा पुसूनही कप्पा आठवडाभर ओलाच, आणि माझे चामड्याचे बूट कामातून गेले. स्वस्तात घेण्याचा माझा आग्रह त्या बुटांबरोबरच गेला.

त्याआधीचा एक महिना आम्ही गळती शोधण्यात घालवला. झोपायच्या केबिनमधली गादी उचलली तर खालची बाजू ओलीचिंब, काळे ठिपके धरलेले. नवऱ्याने सगळ्या खिडक्यांची सीलं काढून नवी भरली. पाणी येतच राहिलं. शेवटी मी बोटाने एक थेंब जिभेवर ठेवला. गोडं पाणी! म्हणजे समुद्राचं नाही. पावसाचं असेल म्हणावं, तर पंधरा दिवस पाऊस नव्हता. ते आमचंच होतं.

हिशोब सोपा आहे. माणूस झोपेतही श्वास आणि त्वचेवाटे पाणी सोडतो. दोघांचं मिळून रात्रीचं अर्धा लिटर सहज होतं. शेगडीचा एक किलो गॅस जळला की त्यातून दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेतलं पाणी १२ अंशांच्या पृष्ठभागावर जमू लागतं. बाहेर समुद्र १० अंशांवर, मध्ये फायबरची भिंत, तिला चिकटून आमची गादी. आम्ही रोज रात्री स्वतःच्याच श्वासावर झोपत होतो.

यंत्र आलं त्या पहिल्या रात्रीत टाकीत दीड लिटर. मी ती टाकी धक्क्यावरच्या शेजारणीला नेऊन दाखवली, इतका आनंद झाला होता. आठवड्यात भिंती कोरड्या, पंधरवड्यात कपड्यांचा कुबट वास गेला. टॉवेल एका दिवसात वाळायला लागला. अपवाद सफरीत खाऱ्या पाण्यात धुतलेले कपडे. त्यांच्यात मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ते वाळल्यासारखे वाटतात आणि संध्याकाळी परत दमट. त्यांना गोड्या पाण्यात खळबळून काढण्याला पर्याय नाही, यंत्राला दोष देऊ नका.

दोष द्यायचा तो फ्लोटला.

टाकीत कोपऱ्यात बोटाएवढा एक तरंगता तुकडा आहे, त्यात चुंबक. पाणी वाढलं की तो वर येतो, यंत्राला कळतं टाकी भरली, यंत्र बंद. घरात उत्तम. बोटीवर टाकीतलं पाणी या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातं, तुकडा लाटेवर स्वार होऊन वर जातो आणि यंत्र समजतं, झालं, भरली. एकदा बंद पडलं की आपणहून सुरू होत नाही, टाकी काढून परत बसवावी लागते. अर्ध्या टाकीला हमखास, वारा असेल तर पाव टाकीलाही. बाहेर जाऊन संध्याकाळी परत यावं तर यंत्र सकाळी साडेनऊपासून लाल डोळा वटारून बसलेलं. आठ महिन्यांत मी त्या बोटभर प्लास्टिकवर जितका विचार केलाय तितका लग्नाआधी नवऱ्यावर केला नव्हता.

विक्रेत्याच्या सेवा केंद्राला फोन केला.

"यंत्र सपाट जागेवर ठेवलंय का?"

"जागा सपाट आहे. पण हलते."

थोडा वेळ शांतता. "मॅडम, जागा कशी हलेल?"

बोटीवर राहतो हे सांगितलं ते चुकलं. त्यानंतरच्या प्रत्येक फोनला पहिलं वाक्य एकच, हलत्या जागी वापरल्यास वॉरंटी लागू नाही. मी पुस्तिका तीनदा वाचली. त्यात 'स्थिर, समतल पृष्ठभाग' असं आहे, बोटीचं नाव नाही. यावर आमची लढाई अजून चालू आहे.

तोडगा नवऱ्याने काढला, हे कबूल करते. यंत्राच्या मागे रबरी बूच आहे, ते काढून नळी जोडायची आणि दुसरं टोक स्वयंपाकाच्या सिंकमध्ये सोडायचं. पाणी टाकीत येतच नाही, टाकी कोरडी, फ्लोट तळाशी गप्प. यंत्र सिंकहून उंच ठेवायचं आणि नळीला सगळीकडे उतार द्यायचा, एवढीच अट. चार महिने सुखात गेले. यंत्राला द्यायचे पाचपैकी तारे मी दोनवरून चारवर नेले होते.

मग कालचा पेलाभर आला कुठून? पहाटे विजेरी घेऊन नळी तपासली तेव्हा उलगडलं. आमच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. याने आठवडाभर सगळं पाणी डावीकडचंच वापरलं, अंघोळीसकट. उजवीकडे शंभर लिटर जास्त, म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस रात्रंदिवस एकाच बाजूला उभा. बोट उजवीकडे कलली, नळीचा उतार गेला, पाणी मागे तुंबलं आणि यंत्राच्या टाकीत उतरलं. आता दोन्ही टाक्या आलटून पालटून वापरायचा कागद नळावर चिकटवला आहे. त्यामुळे वर जे तिखट लिहिलं, त्यातलं अर्धं नवऱ्याच्या खात्यावर टाकावं.

आता त्याच्या बाजूनेही लिहायला हवं. केबिनच्या छताचं झाकण उघडायचं की बंद ठेवायचं, यावर आमचे सगळा हिवाळा वाद झाले. तो उघडणारा, मी लावणारी. यंत्र चालू ठेवून झाकण उघडं म्हणजे आपण सगळा समुद्र वाळवायला काढलाय, असं माझं म्हणणं. पण थंडीच्या दिवशी त्याचंच बरोबर होतं. ५ अंशांची हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात पाणी मुळातच कमी मावतं. ९० टक्के आर्द्रतेची तीच हवा केबिनमध्ये २० अंशांपर्यंत तापली की ३५ टक्क्यांच्या आसपास येते. दहा मिनिटं झाकण उघडलं की जे काम फुकट होतं, ते यंत्राला तास-दीड तास वीज खाऊन करावं लागतं. वसंतात मात्र हवा ऊबदार होते आणि समुद्र अजून गारच असतो. तेव्हा झाकण उघडलं की बाहेरचा ओलावा आत येऊन भिंतींवर बसतो. तेव्हा माझं बरोबर. तारीख कुठली, यावर अजून एकमत नाही.

विजेचं बघा. कमी वेगावर ३०० वॅटच्या थोडं वर, जास्तवर त्याच्या दुप्पट. धक्क्यावर मीटरप्रमाणे पैसे, म्हणून पहिला महिना मी दर संध्याकाळी मीटर वाचत होते. पण ही वीज वाया जात नाही, सगळी उष्णता होऊन केबिनमध्येच येते. शिवाय वाफेचं पाणी होताना लिटरमागे साधारण पाऊण युनिटाएवढी उष्णता वर. आम्ही संध्याकाळचा हीटर जवळजवळ बंद केला आणि महिन्याचं बिल वाढलं नाही. इथे माझा विरोध संपला.

किरकोळ तक्रारी दोन. चकती केबिनमधले वास शोषते आणि तापल्यावर परत सोडते, डिझेलचं काम केल्यावर दोन दिवस आंबूस येतं. आणि फार कोरडं करू नका. सुरुवातीच्या उत्साहात मी ४० टक्क्यांच्या खाली नेलं तर टेबलाच्या लाकडाचा सांधा उघडला. आता ५५ वर ठेवते. निघालेलं पाणी याने बॅटरीत घालायला घेतलं होतं, ते मी थांबवलं. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात केबिनची धूळ आणि यंत्रातले धातूचे अंश असतात, ते ऊर्ध्वपातित पाणी नव्हे. डेक धुवायला चांगलं.

आणि गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घाला. हवा खेळली नाही तर हे यंत्र काय, दहा यंत्रं आणलीत तरी ठिपके येणार.

सफरीत ते निरुपयोगी. १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरने चालवलं तर कमी वेगावरही तीसेक अँपिअर ओढेल. आमची २०० अँपिअर-तासांची लेड बॅटरी अर्ध्याच्या खाली न्यायची नाही म्हटलं तर तीन तासांत खेळ खलास. म्हणून निघताना ते पुढच्या केबिनमध्ये शिडांच्या पिशव्यांमध्ये बांधून ठेवणार.

तारे सध्या साडेतीन. अर्धा तारा सेवा केंद्राच्या उत्तरासाठी राखून ठेवलाय. आज सकाळी त्यांचा निरोप आला: यंत्र स्थिर जमिनीवर ठेवून, शेजारी लेव्हलची बाटली (जागा सपाट आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी) दिसेल असा फोटो पाठवा. नवऱ्याने लगेच यंत्र उचलून धक्क्यावर नेलं, लेव्हल ठेवली, फोटो काढला. बुडबुडा डावीकडे. परत काढला, उजवीकडे. आमचा धक्काही तरंगताच आहे.