पहिली ते पाचवीला शिकवायचंय? डी.एल.एड. आणि चार वर्षांचा आयटीईपी, समोरासमोर

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या मुली आणि त्यांचे आईवडील विचारतात, "मॅडम, शिक्षिका व्हायला कुठलं कॉलेज चांगलं?" मी आधी उलट विचारते, कोणत्या इयत्तांना शिकवायचंय? उत्तर "लहान मुलांना" असं आलं, तर आधी पदवी आणि मग साधं बी.एड. हा रस्ता तिथेच सोडून द्यायला सांगते. शिक्षक प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या एनसीटीई या राष्ट्रीय परिषदेने 2018 मध्ये बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम करण्याच्या अटीवर. ती सवलत सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने संपली. तरीही "बी.एड. करून ठेव, सगळीकडे चालतं" हा सल्ला अजून घराघरांत दिला जातो. त्यात मुलीची पाच वर्षं जातात आणि प्राथमिक शाळेचं दार बंदच राहतं, म्हणून हे आधी सांगते.

मग उरतात दोन वाटा. पहिली डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, प्रवेश बारावीच्या गुणांवर. दुसरी आयटीईपी: चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र, प्रवेशासाठी एनसीईटी ही देशपातळीवरची परीक्षा. ती मराठीतूनही देता येते.

वेळेचा हिशोब सोपा आहे. डी.एल.एड. वाली मुलगी विसाव्या वर्षी पात्रता हातात घेऊन बाहेर पडते, पण तिच्याकडे पदवी नसते. ती पुढे मुक्त विद्यापीठातून किंवा नोकरी सांभाळून करावी लागते. आयटीईपी वालीला दोन वर्षं जास्त लागतात, पण पदवी झालेली असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. घरात चार वर्षं शिकवायची ऐपत असेल आणि मुलीला अभ्यासाची ओढ असेल, तर या एका कारणासाठी मी आयटीईपीकडे झुकते. घरची ओढाताण असेल तर मात्र डी.एल.एड. घ्यायला अजिबात कचरू नये.

आयटीईपीत एक गोष्ट नीट बघून घ्या. तिथे शाळेचे टप्पे नव्या रचनेप्रमाणे आहेत: पायाभूत टप्प्यात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, पूर्वतयारी टप्प्यात तिसरी ते पाचवी, त्यापुढे मध्य आणि माध्यमिक. म्हणजे ज्याला आपण प्राथमिक म्हणतो त्याचे दोन तुकडे झाले. ज्या कॉलेजात फक्त माध्यमिक टप्पा आहे, तिथे प्रवेश घेऊन लहान मुलांची शिक्षिका होता येणार नाही. फॉर्म भरण्याआधी कॉलेजला कोणत्या टप्प्याची मान्यता आहे ते विचारा. आपल्या राज्याच्या शिक्षक भरतीच्या पात्रतेत हा अभ्यासक्रम नावानिशी आहे का, तेही स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

डी.एल.एड.ची खरी ताकद मला इथेच दिसते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत म्हणूनच एकाच बाईंसमोर पहिली आणि दुसरी, किंवा तिसरी आणि चौथी, एकाच खोलीत बसलेली असते. एका ओळीला पाढे लिहायला लावायचे आणि दुसरीला अक्षरं गिरवायला, आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायचं. पहिली ते पाचवी असा सलग विचार करणारं प्रशिक्षण अशा वर्गात उपयोगी पडतं. आयटीईपी निवडलंत तर शेजारच्या टप्प्याच्या वर्गातही पाठ घ्यायला मिळतील का, हे विचारून ठेवा.

आता कॉलेजांची गोष्ट, आणि माझ्या मते अभ्यासक्रमापेक्षा हीच जास्त महत्त्वाची. एके काळी डी.एड.साठी झुंबड उडत असे. विद्यालयं भराभर निघाली, मग भरती थांबली आणि कित्येक बंद पडली. जी उरली त्यांत जीव तोडून शिकवणारी आहेत आणि "परीक्षेपुरतं आलात तरी चालेल" असं सांगणारीही आहेत. दूरच्या गावची, घरकाम सांभाळणारी मुलगी या दुसऱ्या वाक्याला सहज भुलते. नियम याच्या नेमका उलट आहे. एनसीटीईच्या 2014 च्या निकषांत वर्षाला किमान 200 कामाचे दिवस, वर्गात 80 टक्के आणि छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात, 90 टक्के हजेरी अपेक्षित आहे, आणि डी.एल.एड.च्या दोन वर्षांत शाळेत किमान 20 आठवडे. ही हजेरी कागदावर भरून देणाऱ्या कॉलेजातून मुलगी प्रमाणपत्र घेऊन येते, पण चाळीस डोळे आपल्याकडे लागले की पहिल्याच दिवशी तिचा घसा कोरडा पडतो.

नावाजलेलं कॉलेज म्हणून जास्त पैसे मोजायचे का? सरकारी भरतीसाठी तरी नाही. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर 150 गुणांचा, त्यात खुल्या प्रवर्गाला 60 टक्के हवेत. पुढे पवित्र पोर्टलवरची, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरची, निवड अभियोग्यता चाचणीच्या 200 पैकी मिळालेल्या गुणांवर होते. कॉलेजच्या नावाला त्यात एकही गुण नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली, तेव्हा ती टाळता येईल ही आशा सोडा. खाजगी इंग्रजी शाळेत जायचं असेल तर कॉलेजचं नाव थोडं उपयोगी पडतं, एवढंच.

मग तुलना कशावर करायची? माझी पद्धत सांगते. कॉलेजात जा, इमारत आणि संगणक कक्ष बघून झाला की दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या छात्राध्यापिकेला गाठा आणि तिची पाठ टाचणाची, म्हणजे सराव पाठांच्या आखणीची, वही मागा. प्रत्येक पाठाचं शेवटचं पान उघडून पाठनिरीक्षकांचा, म्हणजे मागच्या बाकावर बसून पाठ बघणाऱ्या शिक्षकांचा, शेरा वाचा. दहा पाठांखाली दहा वेळा "चांगला प्रयत्न" आणि सही असेल, तर मागच्या बाकावर कुणी बसलंच नव्हतं. "वजाबाकीत हातचा घेताना काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले नाहीत" असा शेरा दिसला, तर त्या कॉलेजात शिक्षक घडतात. माझ्या पहिल्या गणिताच्या पाठाखाली आमच्या सरांनी लिहिलं होतं, "उत्तर चुकलेल्या मुलाला तुम्ही खाली बसवलंत. तो कसा चुकला ते विचारलं नाहीत." आज बावीस वर्षांनीही खडू हातात घेताना ते वाक्य आठवतं.

वहीच्या जोडीला सराव शाळा, म्हणजे जिथे छात्राध्यापिका पाठ घेतात त्या शाळा, बघा. कॉलेजच्याच संस्थेची एक नीटनेटकी शाळा, की वेगवेगळ्या वस्त्यांतल्या तीन-चार? नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाची घरची भाषा भिली किंवा गोंडी असू शकते. असं मूल पहिलीत येतं तेव्हा काय करायचं, हे पुस्तकातून कळत नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे डाएटला, जोडलेलं अध्यापक विद्यालय जवळ असेल तर ते मी यादीत वर ठेवीन. डाएटचं कामच जिल्ह्यातल्या शाळांशी असतं आणि शुल्कही झेपण्यासारखं असतं. पण तिथेही वही मागाच. पाठ बघणाऱ्याचं पदच रिक्त असेल तर सरकारी पाटीही मागच्या बाकावर येऊन बसत नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजचं नाव एनसीटीईच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत शोधा आणि ते पान छापून ठेवा. या यादीत नसलेल्या कॉलेजात एक रुपयाही भरू नका, मग ते घराशेजारी का असेना.