बॅटरीची गळती साफ करायला व्हिनेगर की आयसोप्रोपिल अल्कोहोल?

कमोडोर कंपनीच्या अमिगा ५०० प्लस या घरगुती संगणकाच्या (१९९१) मदरबोर्डवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड पसरतं आणि तांब्याच्या ट्रॅकवर (वीज वाहणाऱ्या बारीक पट्ट्यांवर) हिरवट-निळा थर चढतो. आधी बॅटरी काढा, बाकीचं मग.

व्हिनेगर आम्ल, गळती अल्कली. कापसाच्या काडीने लावलं की बारीक बुडबुडे येतात, थर सुटू लागतो. पण व्हिनेगर बोर्डवर राहिलं तर ते स्वतःच तांबं खातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल अल्कली मारत नाही; मळ आणि ओल काढतं, झटकन उडतं. नुसतं तेच फिरवलेला बोर्ड दिसतो मात्र चकचकीत! मी आधी व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी अल्कोहोल वापरतो. चिपच्या सॉकेटखाली गळती शिरली असेल तर सॉकेटच काढावं लागतं.